तिसरा सेन्सर घेण्याआधी हबचे बेअरिंग पाहा

आपल्या २०१६ सालच्या ट्रकचा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा उमरेड-नागपूर कोळशाच्या फेऱ्यांत वारंवार लागतो, पुढच्या डाव्या चाकाचा वेग टिपणारा सेन्सर दोनदा नवा टाकला, आणि दोन्ही वेळा आठ-दहा दिवस दिवा बंद राहून पुन्हा लागला, असे आपण लिहिले आहे. माझ्या दृष्टीने या वर्णनातले कळीचे शब्द ‘आठ-दहा दिवस’ हे आहेत. एबीएस यंत्रणा नोंदवते तो बिघाडाचा कोड फक्त कोणत्या चाकाकडून नीट संकेत येत नाही एवढेच सांगतो. तिथला सेन्सरच खराब आहे, असे तो सांगत नाही.

या पिढीच्या ट्रकांतला सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे असते. हबवरच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावरच्या, दातेरी कड्याचे दात, जड वाहनांत बहुधा शंभर, समोरून सरकले की त्यात एसी व्होल्टेज निर्माण होते, आणि दात व सेन्सर यांतली फट जरा वाढली तरी ते झपाट्याने घटते. हा सेन्सर बोल्टने आवळलेला नसून स्प्रिंगसारख्या धातूच्या बुशमध्ये घट्ट, तरी सरकता बसतो. बसवताना तो हाताने कड्याला टेकेपर्यंत ढकलायचा असतो; पुढे चाक फिरताना कडेच त्याला लागेल तेवढे मागे सारते. मात्र बेअरिंग ढिले असेल, तर दर वळणावर आणि दर खड्ड्यात हब डुलते, कडे सेन्सरला गरजेपेक्षा जास्त मागे लोटते, आणि मागे गेलेला सेन्सर आपोआप पुढे येत नाही. नवा सेन्सर टाकला की तो पुन्हा कड्याला टेकवला जातो, म्हणून काही दिवस सारे ठीक वाटते. जुनाच सेन्सर पुढे ढकलला असता तरी बहुधा तेवढेच दिवस मिळाले असते.

मागच्या चाकांना अडण लावा, पुढचा अ‍ॅक्सल उचलून घोडीवर ठेवा आणि चाक वर-खाली धरून हलवून पाहा. हाताला खेळ जाणवला तर आधी बेअरिंगचे काम करा. त्यानंतर सेन्सरचा कपलर सोडून मल्टिमीटरने रोध मोजा. बहुतेक सेन्सरांत तो ९०० ते २००० ओहमच्या दरम्यान असतो, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. सेन्सरच्या दोन तारांपैकी कोणतीही चेसिसशी जोडलेली दिसता कामा नये. इथे नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार हवा: वीस अंशांना १७०० ओहम दाखवणारे तांब्याचे वेटोळे साठ अंशांना साधारण १९७० दाखवते, आणि तो दोष नव्हे. गरम झाल्यावर रोध एकदम अनंत झाला, तरच आतली तार तुटली असे समजावे.

खरा निर्णय पुढच्या मोजणीत होतो, आणि नेमकी तीच बहुतेक गॅरेजांत होत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने दोन सेकंदांत एक फेरा या गतीने फिरवा. किमान ०.२ व्होल्ट यायला हवेत. आकडा सतत कमी असेल तर फट वाढली आहे किंवा दातांत गंज आणि ग्रीसमिश्रित काळा थर बसला आहे. प्रत्येक फेऱ्यात एकदाच खाली जात असेल तर कडे वाकडे बसले आहे किंवा दात तुटला आहे. थांबता थांबता, अगदी कमी वेगात, ब्रेकच्या व्हॉल्व्हमधून विनाकारण हवा फुसफुसत असेल, तर तेही अशाच कमकुवत संकेताचे लक्षण आहे.

सर्व आकडे बरोबर आले तर केबलकडे वळा. माझ्या स्वतःच्या गाडीत ती ब्रेकच्या होजवर घासून आतून तुटली होती आणि स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवल्यावरच संपर्क जात असे. सरळ उभ्या गाडीत मीटरला काहीच सापडेना, म्हणून दोन दिवस वाया गेले. तेव्हापासून मी एकाला स्टीअरिंग फिरवायला बसवून, केबल हलवत मोजतो.

दुरुस्तीत बुशही नवा टाका, कारण सैल झालेला बुश सेन्सरला धरून ठेवत नाही. त्याची जागा तारेच्या ब्रशने साफ करा, आणि सेन्सर हातोडीने ठोकून बसवू नका. तोवर साधा ब्रेक चालेल. मात्र त्या चाकाला, काही गाड्यांत सर्वच चाकांना, लॉक होण्यापासून संरक्षण नसेल, हे पावसात भरलेली गाडी चालवताना ध्यानात ठेवावे. काम झाल्यावर दिवा उभ्या गाडीत विझला नाही तरी लगेच घाबरू नका. कित्येक प्रणालींत चाके फिरून संकेत मिळाल्यावरच तो बंद होतो.