डुकरीण भरवली, २१ व्या दिवशी माज नाही, २६ व्या दिवशी आला. मधल्या काळात ती गाभण होती का?

बहुधा होती. डुकरिणीचं चक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये बसणारं. गर्भ राहिलाच नसता तर ती त्याच मुदतीत उलटली असती, म्हणजे पुन्हा माजावर आली असती. २५ ते ३० दिवसांत उलटली की मी आधी हेच धरतो: भ्रूणांनी आपण आल्याचं गर्भाशयाला कळवलं होतं, आणि नंतर ते गेले.

हे कळवणं कसं होतं तेही तुम्ही विचारलंय. अंडं सुटलेल्या प्रत्येक जागी अंडाशयावर पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक सोडू लागतो. गाय-म्हैस असो वा डुकरीण, सुरुवात अशीच; पण डुकरिणीला हे पीतपिंड ११४ दिवसांच्या गाभणकाळात शेवटपर्यंत लागतात. प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, ग्रंथी स्रवू लागतात. लोह वाहून नेणारं युटेरोफेरिन हे जांभळट प्रथिन त्याच स्रावातलं. भ्रूण अजून अस्तराला चिकटलेले नसतात, त्यामुळे त्यांचं सगळं पोषण यावरच.

कोणी काहीच कळवलं नाही, तर १५-१६ व्या दिवसाच्या सुमारास अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरकासारखं रसायन रक्तात उतरतं, पीतपिंड मोडतात आणि पुढचा माज येतो. म्हणजे गर्भ टिकवायचा तर त्याआधी हे थांबायला हवं.

थांबवतात ते भ्रूण, ११-१२ व्या दिवशी. तोवर जेमतेम सेंटीमीटरभराचा गोल मणी असलेला भ्रूण काही तासांत लांबत जातो. १३-१४ व्या दिवसाचं गर्भाशय सलाइनने धुऊन ते पाणी ट्रेमध्ये घेतलं, की एकमेकांत गुंतलेले पांढरे, सुरकुतलेले धागे तरंगताना दिसतात, शिजलेल्या शेवयांसारखे. चिमट्याने एक सोडवायला गेलं तरी तुटतो. १६ व्या दिवसापर्यंत एकेक धागा मीटरभर होऊ शकतो. विद्यार्थ्यांना हा ट्रे दाखवताना मला आजही तितकंच नवल वाटतं.

लांबतानाच भ्रूण इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडतात. १९७७ मध्ये बेझर आणि थॅचर या अमेरिकन संशोधकांनी मांडलं की त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन बनायचं थांबत नाही, त्याची दिशा बदलते: रक्ताऐवजी ते गर्भाशयाच्या पोकळीत जातं आणि पीतपिंड वाचतात. हा निरोप गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे लांब फाट्यांत, पोहोचावा लागतो. म्हणूनच या टप्प्यावर किमान चार भ्रूण नसतील तर गर्भ सहसा टिकत नाही.

इथे वेळ फार महत्त्वाची. हेच इस्ट्रोजेन बाहेरून ९-१० व्या दिवशी मिळालं तर अस्तर वेळेआधीच बदलतं आणि भ्रूण मरतात. तुम्ही मक्याचा भरडा घालता, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. बुरशी लागलेल्या मक्यात झिअरालेनोन हे विष असू शकतं आणि ते शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. कळपातल्या लहान, माजावर न आलेल्या माद्यांची योनी लाल, सुजलेली दिसते का ते आजच बघा. दिसली तर तो मका ताबडतोब बंद.

तुमच्या मादीचं बिनसलं ते मात्र मला वाटतं या पहिल्या निरोपानंतर. १५ व्या दिवसापासून महिनाभरापर्यंत भ्रूण इस्ट्रोजेनची दुसरी, मोठी लाट सोडतात. मिसुरी विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये इस्ट्रोजेन बनवूच न शकणारे भ्रूण तयार केले. ते नीट लांबले, पीतपिंडही सुरुवातीला टिकले, पण महिन्याच्या आसपास गर्भ गेले. पहिल्या महिन्यातली भ्रूण आणि अस्तराची बांधणी इतकी नाजूक असते. डुकराची वार अस्तरात घुसत नाही, नुसती घडीला घडी जुळवून चिकटते.

तेव्हा त्या दिवसांत तिला दुसऱ्या गटात सोडलं होतं का, गाडीतून हलवलं का, ताप होता का, हे आठवा. पार्वो विषाणूही याच काळात भ्रूण मारतो आणि ते आतल्या आत जिरतात, बाहेर काहीच पडत नाही. पार्वोची लस भरवण्याआधीच द्यावी लागते. आताच्या माजात स्राव स्वच्छ असेल, पिवळट किंवा दुर्गंधी नसेल, तर मी तरी तिला पुन्हा भरवेन, आणि भरवल्यापासून महिनाभर एकाच जागी, ओळखीच्या सोबतिणींबरोबर ठेवेन. पुन्हा असंच झालं तर पशुवैद्यकाकडून पार्वो आणि लेप्टो (लेप्टोस्पायरा जिवाणूचा आजार) यांसाठी रक्त तपासून घ्या.