अडतीवर, दवाखान्यात आणि सासरच्या घरात ख्रिस्तामागे चालताना

या वेळच्या पत्रांत वचनांचे अर्थ फारसे कुणी विचारलेले नाहीत. विचारलंय ते सोमवार ते शनिवारबद्दल. खाली आधी पत्र, मग माझं उत्तर असं देतो आहे. मला याचा आनंद वाटला, कारण आपला वधस्तंभ दररोज उचलून मागे या, असं प्रभूने सांगितल्याचं लूकने लिहून ठेवलं आहे (९:२३), आणि आठवड्यातले सहा दिवस आपण चर्चबाहेरच असतो.

मी बेळगावात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. बटाट्याच्या हंगामात पोत्यामागे ठरल्यापेक्षा जास्त कडता (वजनातली कपात) धरायला मालक सांगतात. शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, माझ्याच हातची असते. घरात मिळवता मी एकटा. नोकरी सोडू का?

आज लगेच सोडू नका. पण पुढची पट्टी खोटी लिहू नका.

जकातदार बाप्तिस्मा घ्यायला आले आणि ‘आम्ही काय करावं’ म्हणाले, तेव्हा योहानाने त्यांना नाका सोडायला सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूक ३:१३). तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर मला शास्त्रात सापडत नाही. खोटा तराजू देवाला वीट आणतो, हे नीतिसूत्रांतलं वचन (११:१) तर तुम्हाला पाठच असेल.

पट्टी घेणारा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. हमाली, तोलाई, आगाऊ घेतलेली उचल वजा होऊन खाली उरलेला आकडा तो आधी बघतो. वजनाची ओळ वाचायला थांबत नाही. कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवतो आणि गाडी पकडायला जातो. वजनाच्या बाबतीत तो तुमच्या अक्षरावर विसंबलेला असतो.

मालकाशी एकट्याने बोला, गिऱ्हाइकांसमोर नको. “साहेब, ठरलेला कडता मी लिहीन, वरचा माझ्या हातून लिहिला जाणार नाही. हवं तर मला दुसरं काम द्या,” इतकं स्पष्ट. उद्धटपणा नको, उपदेशही नको. काही मालक ऐकतात, कारण पैशाला न चुकणारा हिशेबनीस त्यांनाही हवाच असतो. ऐकलं नाही तर मात्र दुसरी नोकरी शोधायला लागा. देव पोटाची काळजी घेतो हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, पण ती काळजी पुष्कळदा विश्वासातल्या भावंडांच्या हातून येते. म्हणून तुमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांना माझं सांगणं आहे: हा माणूस खरं बोलून घरी बसला, तर त्याच्या मुलांची फी कोण भरणार, हे आत्ताच ठरवा.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आईला शुगर आहे. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं एका प्रार्थनासभेत सांगितल्यापासून तिने गोळ्या बंद केल्यात.

आईला आजच दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका. शुगर तपासून डॉक्टर सांगतील तशा गोळ्या पुन्हा सुरू करा. अनवाणी भाताच्या चिखलात उतरणाऱ्या बाईच्या पायाला झालेली जखम शुगर वाढलेली असताना लवकर भरत नाही आणि चिघळली तर पाय कापायची वेळ येते. डोळे आणि मूत्रपिंडंही जातात.

आणि हे शास्त्राला धरूनच सांगतो आहे. हिज्कीया राजाला बरं करण्याचं वचन देवाने दिलं, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं (२ राजे २०:७). पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आपला सोबती त्रफिम याला तर तो मिलेतात आजारीच सोडून आला, आणि त्यासाठी त्याला अविश्वासू म्हणाला नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य. आईसाठी प्रार्थना जरूर करा. गोळी हातात घेऊन करा.

ज्याने तिला गोळ्या सोडायला लावल्या, त्याच्याकडे तुमच्या पाळकांनी जाऊन बोलावं. ही बाब गप्प बसण्यासारखी नाही.

लग्नानंतर माझा प्रभूवर विश्वास बसला. सासरी कुणी ख्रिस्ती नाही. गणपतीत मोदक करायचे की नाही? आरतीला उभं राहिले नाही तर नवऱ्याची बोलणी बसतात.

ताई, स्वयंपाक आणि पूजा एकाच मापाने मोजू नका. सासूबाईंचे गुडघे दुखत असताना आलेल्या-गेलेल्यांसाठी रांधणं ही घरच्यांची सेवा आहे, ती मन लावून करा. आरती ही उपासना आहे, आणि तिथे तुमचा विवेक आड येत असेल तर त्याचं ऐका. मात्र हे ऐन आरतीच्या वेळी, पाहुण्यांसमोर सांगू नका. चतुर्थीच्या आठ-पंधरा दिवस आधी यजमानांना एकट्यात सांगा: “मी सगळं करीन, हात जोडायला तेवढं बोलावू नका.” मूर्तीबद्दल वाईट शब्द काढू नका. तुमच्या सासूबाईंची त्यावर माया आहे.

घरच्यांना बदलण्याची घाई तुम्ही करायची नाही. पेत्र बायकांना सांगतो ते वागणुकीने जिंकण्याबद्दल आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, तोही त्यांची स्वतःची खात्री पटल्यावर. तुमच्या घरी तसंच होईल असं मी म्हणत नाही. तुमच्या हातात आहे तो तुमचा विश्वास.

बोलण्यावरून गोष्ट मारहाणीवर गेली, तर तो वधस्तंभ समजून सोसू नका. माहेरी आणि मंडळीत सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

निपाणीत विड्या वळते. रात्री प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. देव रागावेल का?

नाही. गेथशेमानेत शिष्यही झोपले. आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त, हे प्रभूनेच ओळखलं. हात सुपात असताना प्रार्थना करा. आठवड्याला तेविसाव्या स्तोत्राची एकच ओळ घ्या आणि विडी वळताना ती मनात म्हणत राहा. रात्री निवांत झोपा.

आमच्या मंडळीत मराठी आणि कन्नड, दोन्ही घरं आहेत. सणाच्या उपासनेत गीतं कुठल्या भाषेत जास्त, यावरून दोन गट पडलेत. मी मराठी आहे. आपल्या भाषेसाठी उभं राहणं चूक आहे का?

चूक नाही. आपण ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत प्रार्थना करणार. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या मुलखात भाषेची जखम उघडी आहे, आणि चर्चच्या दारात चपला काढताना ती कुणी बाहेर ठेवून येत नाही.

पण हे भांडण पहिल्या मंडळीतही झालं होतं. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, अशी तक्रार आली (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी ‘ख्रिस्तात भाषा नसते’ असं गोड बोलून ती झटकली नाही. सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ही सातही नावं ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती सगळ्यांचं वाटप सोपवलं. मला हा अध्याय वाचताना दर वेळी आपलीच मंडळी दिसते.

बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू करणारे जोसेफ टेलर बळ्ळारीच्या कन्नड मुलखातून आले होते. इथल्या चर्चच्या मुळाशीच दोन्ही भाषा आहेत.

तेव्हा तुमच्या पुढच्या बैठकीत मराठी गीतांची संख्या मागण्याआधी असं सुचवा: नाताळच्या गीतांची यादी कन्नड घरांनी करावी आणि त्यांना मराठी गीतं निवडायला सांगावीत, ईस्टरची यादी मराठी घरांनी करावी आणि कन्नड गीतं निवडावीत. सूचना तुमच्याकडून, म्हणजे मराठी बाजूकडून, आधी जाऊ द्या. आणि ती मांडायला उठाल तेव्हा दोन वाक्यं कन्नडमध्ये बोला. तुम्हाला येतात, बाजारात रोज बोलताच.