आवाज येतो, चित्र नाही

प्रश्न : आमच्या आजींचं वय नव्वदीच्या पुढे आहे. दिवाळीत त्या जात्यावर बसून ओव्या म्हणत होत्या, तेव्हा मुलीनं आयफोनवर आणि भाच्यानं त्याच्या कॅमेऱ्यावर शूटिंग केलं. आयफोनची एमओव्ही फाइल माझ्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर लावली की आवाज येतो, पडदा मात्र काळा. भाच्याची एमपी४ फाइल तर उघडतच नाही. शूटिंग चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. दुकानदार म्हणाले, दोन्ही करप्ट आहेत, डिलीट करून टाका. काय करू?
— एक वाचक, वाई

उत्तर : डिलीट अजिबात करू नका. आधी दोन्ही फाइल्सची एकेक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा आणि कॅमेऱ्याचं कार्ड बाजूला ठेवा, त्यावर नवीन काहीही घेऊ नका. नव्वदीतल्या आजींच्या ओव्यांबद्दल कुणी इतक्या सहज ‘करप्ट’ म्हणावं, याचा मला राग येतो.

मुलीच्या फाइलला काहीही झालेलं नाही, असं लक्षणांवरून दिसतं. एमओव्ही हा नुसता डबा. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलंय, त्याला कोडेक म्हणतात. २०१७ पासून आयफोन सहसा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ ही पद्धत वापरतो. तिच्यात फाइल लहान होते, पण विंडोज १० ला ती उलगडण्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, लागतो आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याचे पैसे पडतात. आवाजाचा कोडेक वेगळा, जुना आणि सर्वत्र चालणारा, म्हणून ओव्या ऐकू आल्या. फाइलच्या नावातलं एमओव्ही खोडून एमपी४ लिहिलं तरी आतला माल तोच राहतो.

व्हीएलसी हा मोफत प्लेअर, तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. पॅरिसजवळच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला आणि त्याचे कोडेक त्याच्यासोबतच येतात. फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा; जी खिडकी उघडेल तिच्यात ‘एचईव्हीसी’ दिसलं की निदान पक्कं. ‘कोडेक पॅक’ म्हणून भलत्याच साइटवर मिळतं ते मात्र घेऊ नका, त्यातून नको ते प्रोग्राम मशीनमध्ये शिरतात. लॅपटॉप जुना असेल आणि चित्र अडखळत असेल, तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामनं एच.२६४ या जुन्या, जवळपास सगळीकडे चालणाऱ्या कोडेकमध्ये दुसरी फाइल बनवा. तिचा दर्जा किंचित उतरतो, म्हणून मूळ फाइल ठेवाच.

भाच्याची फाइल खरोखर अर्धवट आहे. कोणतं दृश्य फाइलमध्ये कुठे आहे याची यादी बहुतेक कॅमेरे एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात. बॅटरी गेली, यादी राहिली. म्हणून इथे व्हीएलसीही सहसा हात टेकतो. पण प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहा. शेकडो एमबी भरला तर ओव्या आत असण्याची चांगली शक्यता आहे. प्रत काढून झाली की कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर तो सुरू करा. काही कॅमेरे अशी फाइल स्वतःच दुरुस्त करतात. कार्ड फॉरमॅट करायचं का, असं विचारलं तर ‘नाही’च म्हणा. नाही जमलं तर अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्यावरून तो हरवलेली यादी पुन्हा बांधतो. भाच्याला तशी दोन मिनिटांची फाइल आजच, पण दुसऱ्या कार्डावर घ्यायला सांगा. दर वेळी यश येतंच असं नाही.

आजी पुन्हा म्हणायला तयार असतील तर लवकर बसवा. आयफोनवर आधी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा, म्हणजे शूटिंग एचईव्हीसीऐवजी एच.२६४ मध्ये होईल, आणि कॅमेरा चार्जरला लावून चालत असेल तर तसाच ठेवा.