लडाख-लाहौलसारख्या दुर्गम डोंगरी भागात ख्रिस्ती मिशनकार्य का अडतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मंडळीतर्फे तरुणांचा गट उन्हाळ्यात लडाख-लाहौलला पाठवायचा आहे, तर रस्ते आणि थंडी सोडून तिथं काय आडवं येतं? आणि दीडशेहून जास्त वर्षं मिशन असूनही तिथले ख्रिस्ती इतके थोडे का? दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

मोरावियन मिशनचे (जर्मनीतलं एक प्रोटेस्टंट मिशन) हायडे आणि पगेल 1853 मध्ये घरून निघाले ते मंगोलियाला जायला. तिबेटमधून वाट मिळेना, म्हणून 1856 मध्ये त्यांनी लाहौलात केलाँगला ठाणं केलं. लेहचं ठाणं 1885 चं. हायडे केलाँगला चाळीसहून जास्त वर्षं राहिले. बटाटा आणि भाज्यांची लागवड, लोकरीचं विणकाम, शाळा, दवाखाना, शिळाछापावर पुस्तकं छापणं, एवढं सगळं या लोकांनी उभं केलं. लेहच्या दवाखान्यातले डॉ. कार्ल मार्क्स (नाव तेच, माणूस वेगळा) आणि तिथले मिशनरी रेडस्लॉब 1891 च्या तापाच्या साथीत गेले. कष्ट कमी पडले असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी लडाखची मोरावियन मंडळी आजही शेकड्यांतच मोजावी लागते.

लोक वैरी होते म्हणून असं झालं नाही. गावकरी ऐकून घेत, चहा देत, तुमचाही धर्म चांगला म्हणत. गाठ होती ती शेतात आणि मयतात.

लेहला वर्षाचा पाऊस 100 मिलिमीटरच्या आसपास. शेती सगळी बर्फाच्या वितळत्या पाण्यावर, पाटानं आणलेल्या. कुणाची पाळी कधी हे गावानं नेमलेला छुरपोन ठरवतो. पाणी तेवढंच, म्हणून शेतही तेवढंच, आणि त्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून पूर्वी सगळ्या भावांची मिळून एकच बायको असे. 1941 मध्ये या चालीवर कायद्यानं बंदी आली. यात धाकटा भाऊ बाप्तिस्मा घेतो आणि वेगळं लग्न करतो म्हणाला, तर त्याच्या वाट्याला शेत कुठून येणार?

याहून अवघड गोष्ट फासपुनची. फासपुन म्हणजे एकच कुलदैवत मानणाऱ्या काही घरांचा गट. जन्म, लग्न, मरण यांत ही घरं एकमेकांची. घरात मयत झालं की घरचे लोक प्रेताला हात लावत नाहीत. बांधणं, नेणं, दहन, सगळं फासपुनची माणसं करतात. आता कुलदैवत सोडलेल्या घरात जानेवारीत म्हातारी वारली असं समजा. बाहेर उणे 15, जमीन दगडासारखी गोठलेली, खड्डा खणायला चार जण हवेत, आणि जवळची ख्रिस्ती मंडळी 80 किलोमीटरवर. हे चित्र प्रत्येक गावकऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं, उपदेश करणाऱ्याच्या मात्र नसतं.

म्हणून बाप्तिस्म्याआधी त्या कुटुंबाशी तीन गोष्टी उघड बोला: पाण्याची पाळी टिकेल का, वाटणीचं काय, आणि मयताला कोण येईल. उत्तरं नसतील तर थांबा. जुन्या काळी यावर एकच तोड निघाली, ती म्हणजे नव्या ख्रिस्ती माणसाला मिशनमध्येच काम देणं. ते करुणेपोटी झालं, पण ख्रिस्ती होणं म्हणजे मिशनची नोकरी असा अर्थ गावानं घेतला, आणि तो पुसायला पिढ्या जातात. माझं ठाम मत आहे की एकेकट्या माणसाला गावातून उचलून बाजूला काढणं हे डोंगरात सर्वांत मोठं नुकसान करतं.

आता भाषा. याच मिशनचे याश्के 1857 मध्ये लेहजवळच्या स्तोक गावात राहून लडाखी शिकले, पण भाषांतरासाठी त्यांनी निवडली ग्रंथांची तिबेटी, कारण ती ल्हासापर्यंत चालते. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश 1881 चा, नवा करार 1885 चा. ती भाषा लामांना वाचता येई, शेतकरी बाईला कळत नसे. तिच्या बोलीत लिहावं, तर तिबेटी लिपी पवित्र, तिच्यात बाजारातली भाषा लिहिणं लोकांना अपमानासारखं वाटे. ही ओढाताण अजून संपलेली नाही. पूर्ण बायबल 1948 मध्ये लाहोरला छापून झालं. त्याच्या भाषांतरासाठी जन्म घालवलेले योसेब गेर्गान त्याआधीच वारले होते.

शब्दांचं तर विचारूच नका. देवासाठी ‘कोनचोग’ घेतला, पण बौद्धांच्या त्रिरत्नांना तोच शब्द आहे. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी 1616 च्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, तसलाच हा पेच. ‘नव्याने जन्मल्यावाचून’ हे योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन तिथं सरळ उच्चारलं, तर ऐकणाऱ्याला त्यात सुवार्ता दिसत नाही. पुन्हा जन्म नको म्हणून तर तो माळ ओढतोय! सार्वकालिक जीवन म्हणजे न संपणारी जन्माची फेरी असंही वाटू शकतं. तुमच्या गटानं गाणी-नाटिका हिंदीत बसवल्या असतील, तर आधी एका लडाखी विश्वासणाऱ्याला दाखवा. मग ज्यानं काहीच ऐकलेलं नाही अशाला ऐकवा आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. तो काय सांगतो ते लिहून घ्या. ‘कळलं का’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणतील.

प्रकृतीचं थोडक्यात. लेह 3,500 मीटरवर आहे. विमानानं गेलात तर पहिले 48 तास नुसता आराम. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर प्रार्थना करा आणि त्याच वेळी माणसाला खाली न्यायला सुरुवात करा, सकाळची वाट पाहू नका. पाणी तिथं साधारण 88 अंशांना उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवून दारं-खिडक्या गच्च लावून झोपणं जीवावर बेततं. फट ठेवा.

आरोग्य शिबिर घेणार असाल तर एक चूक हमखास होते. आपल्याला लस उन्हानं बिघडण्याची सवय, तिथं ती गोठून बिघडते. पेंटाव्हॅलंट, धनुर्वात, कावीळ-बी या लसी 2 ते 8 अंशांतच राहायला हव्यात. एकदा गोठल्या की वितळल्यावर वरून ठीक दिसल्या तरी गुण गेलेला असतो. फ्रीजरमधले बर्फाचे पॅक लसीला थेट लावू नका. आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे. इन्सुलिनचंही तेच: रात्री गाडीत राहिलं तर फेकून द्या.

आणि शिबिर व प्रचार यांची सांगड घालू नका. लाहौल हिमाचलात येतं. तिथल्या 2019 च्या कायद्यानुसार धर्म बदलणाऱ्यानं आणि विधी करणाऱ्या पाळकानंही जिल्हाधिकाऱ्यांना महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि प्रलोभन दाखवून धर्मांतर हा गुन्हा आहे. औषधाच्या पुडीबरोबर पत्रक दिलं की प्रलोभनाचा आरोप यायला वेळ लागत नाही, आणि तुम्ही परतल्यावर तो झेलावा लागतो तिथल्या चार घरांना. कायदा नसता तरी आजाऱ्याच्या गरजेचा असा उपयोग करू नये असंच मी म्हटलं असतं.

राहिला उन्हाळा. पेरणी एप्रिल-मेमध्ये, कापणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मधले महिने पाणी पाजणं, जनावरं वर नेणं आणि पर्यटकांची धांदल. तुमचा गट पोचेल तेव्हा दुपारी घरात भेटतील म्हातारी माणसं आणि लहान मुलं. लोक निवांत बसतात ते डिसेंबर ते फेब्रुवारी, बुखारीभोवती, आणि नेमके तेव्हाच बाहेरचे सगळे उतरून गेलेले असतात. लेहला हिवाळ्यातही विमानं जातात, आणि 2020 पासून अटल बोगद्यामुळे केलाँगला जायला रोहतांगची खिंड चढावी लागत नाही. वीस जणांच्या दहा दिवसांच्या खर्चात दोघं जण पूर्ण हिवाळा काढू शकतात. तिथल्या पाळकांना आधी विचारा, ते हो म्हणाले तर असे दोघं निवडा ज्यांना भाषा शिकायची हौस आहे. पहिला हिवाळा त्यांनी फक्त ऐकावं, पाणी भरावं, लाकडं फोडावीत, आणि बोलावलं तर मयताला जावं.