वाचक विचारतात: जाळं ओढणारा ट्रॉलर युद्धावर कशाला?

प्रश्न: महायुद्धाच्या जुन्या फोटोंत बरेचदा साधा मासेमारी ट्रॉलर दिसतो आणि त्याच्या नाळेवर चक्क तोफ. ब्रिटनकडे एवढं मोठं आरमार असताना मासेमारीच्या बोटी कशाला लागल्या? जहाजं कमी पडली म्हणून का?

उत्तर: कमी तर पडलीच, पण ते अर्धंच कारण झालं. मला वाटतं खरं कारण मासेमारीच्या धंद्यातच होतं.

या बोटींचं मुख्य काम समुद्रातले पाणसुरुंग काढायचं, म्हणून त्या काळचा पाणसुरुंग कसा असायचा ते आधी बघा. स्फोटकं भरलेला लोखंडी गोळा, तो पाण्याच्या थोडा खाली तरंगत राहायचा आणि तारेनं तळाशी एका वजनाला बांधलेला असायचा. तो काढायचा म्हणजे खाली जाड तार ओढत न्यायची आणि त्या तारेनं सुरुंगाची दोरी कापायची. आता हे काम रोज कोण करत होतं सांगा, तर ट्रॉलरवाले! जड दोर पाण्यात सोडणं, ताण सांभाळत तासन्‌तास ओढणं, तळाला काय अडकलंय ते दोराच्या थरथरीवरून ओळखणं, सगळं अंगवळणी पडलेलं. आणि बोटीवर दणकट विंच, म्हणजे दोर ओढून गुंडाळायचं यंत्र, आधीपासून बसवलेलंच होतं, समुद्र कितीही खवळलेला असो ही बोट टिकणार. ॲडमिरल चार्ल्स बेरेसफर्ड 1907मध्ये इंग्लंडच्या ग्रिम्सबी या मासेमारी बंदरात गेले आणि सुरुंग काढायला हेच ट्रॉलर घ्या असं त्यांनी सुचवलं, मग 1908मध्ये नौदलानं दोन ट्रॉलर घेऊन प्रयोग केलेसुद्धा.

पद्धत अशी की दोन ट्रॉलर शेजारी शेजारी अंतर ठेवून चालायचे, मध्ये पाण्याखालून तार. सुरुंगाची दोरी कापली गेली की गोळा भसकन वर यायचा, मग डेकवरून रायफलनं गोळ्या घालून तो फोडायचा नाहीतर भोकं पाडून बुडवायचा. पुढे एकाच बोटीनं काम होईल अशी पद्धत आली, तिला नाव मिळालं ओरोपेसा, तेही ज्या ट्रॉलरवर ती तयार झाली त्याचंच. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून ट्रॉलरवाले ज्या फळ्या लावतात ना, पाण्याच्या दाबानं बाहेर फाकतात त्या, तशीच एक चौकट तारेच्या टोकाला लावली आणि तार आपोआप बाजूला ताणलेली राहिली. मला ही गोष्ट फार आवडते.

धोका मात्र भयंकर होता कारण तार मागे असते आणि बोट पुढे. म्हणजे सुरुंगाच्या डोक्यावरून आधी तुम्हीच जाणार, आणि ट्रॉलरचा मागचा भाग पाण्यात बराच खोल असतो.

प्रश्न: या बोटींवर माणसं नौदलाची होती की मच्छीमारच?

उत्तर: बहुतेक मच्छीमारच. पहिल्या महायुद्धाच्या आधीच राखीव नौदलात ट्रॉलरवाल्यांचा वेगळा विभाग काढला होता, युद्ध सुरू झाल्या झाल्या बोटीसकट स्किपर आणि खलाशी कामावर हजर. पुढे नौदलानं स्वतःच शेकडो नवे ट्रॉलर बांधायला घेतले, त्यांना नावं दिली ट्रफाल्गरच्या लढाईतल्या साध्या खलाशांची, जहाजांच्या हजेरीपटावरून उचललेली.

पण शिस्तीचं आणि सवयीचं भांडण झालंच. मार्च 1915मध्ये तुर्कस्तानातल्या डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत ट्रॉलर सुरुंग काढायला पाठवले, समोरून जोरदार प्रवाह, तार ओढताना वेग जेमतेम माणसाच्या चालीचा, वरून सर्चलाइट आणि दोन्ही काठांवरून तोफा. सुरुंगानं उडालो तर ते धंद्यातलंच समजू पण हा तोफमारा नको, असं त्या माणसांचं म्हणणं होतं आणि ते माघारी फिरले. अधिकारी चिडले. मला विचाराल तर दोष पाठवणाऱ्यांचा जास्त, कारण हे काम वेगवान बोटींचं होतं. 18 मार्चला तीन मोठ्या युद्धनौका सुरुंगांवर जाऊन बुडाल्या, बूव्हे, इरेझिस्टिबल आणि ओशन.

दुसऱ्या महायुद्धात ही सगळी माणसं रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस नावाच्या दलात होती, त्यांचं ठाणं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लोस्टॉफ्टला. तिथल्या स्मारकावर 2,385 नावं आहेत, आणि ही फक्त त्यांची ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबरच मिळाली नाही.

प्रश्न: एका ट्रॉलरनं पाणबुडी जिवंत पकडली असं वाचलं. खरं आहे का? पाणबुडी बुडवणं समजू शकतो, पण पकडणं?

उत्तर: अगदी खरं. ट्रॉलरचं नाव मूनस्टोन, तारीख 19 जून 1940, जागा एडनजवळचा समुद्र. इटलीची गॅलिलिओ गॅलिली ही पाणबुडी तिथे होती, तिनं तीन दिवस आधीच नॉर्वेचा एक टँकर बुडवला होता. मूनस्टोनला पाण्याखालचा आवाज लागला, तिनं डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले, आणि पाणबुडी वर आली ती थेट तोफांची लढाई करायलाच. अंगानं पाणबुडी मोठी, तोफाही तिच्याकडे जास्त, ट्रॉलरवर चार इंची तोफ एकच. पण मूनस्टोनवाल्यांनी मशीनगननं तिच्या डेकवरच्या तोफचींना तोफेपाशी टिकूच दिलं नाही आणि एक गोळा बरोबर मनोऱ्यावर बसला, कप्तान गेला, पाणबुडीनं शरणागती दिली. मग पंचाईत अशी की इतके कैदी घ्यायला ट्रॉलरवर जागाच नाही! कांदाहार ही विनाशिका आली तेव्हा कुठे पाणबुडी ओढून एडनला नेली. आत गुप्त कागद जसेच्या तसे सापडले.

प्रश्न: जर्मनी, जपानकडेही असे ट्रॉलर होते का?

उत्तर: हो, दोघांकडे. जर्मनीचा क्रेब्स हा शस्त्रं लावलेला ट्रॉलर मार्च 1941मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ ब्रिटिशांच्या हाती लागला, कप्तानानं एनिग्मा, म्हणजे गुप्त लिपीत संदेश करायचं मशीन, समुद्रात टाकलं होतं पण मशीनची जादा चक्रं आणि कागद राहून गेले. हवामानाच्या बातम्या पाठवणारे जर्मन ट्रॉलर मे आणि जूनमध्ये मुद्दाम गाठले ते अशाच कागदांसाठी. जपाननं किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर मासेमारी बोटी पहाऱ्याला ठेवल्या होत्या. 18 एप्रिल 1942ला त्यातल्या नित्तो मारूनं अमेरिकन ताफा पाहून वायरलेसनं कळवलं, म्हणून जपानवर बॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकन अधिकारी डूलिटलच्या 16 विमानांना ठरल्या वेळेआधीच निघावं लागलं. ती चिमुकली बोट बुडवायला क्रूझरला 900च्या वर गोळे लागले.

प्रश्न: मग खऱ्याखुऱ्या मच्छीमारांचं काय? शत्रूला फरक कसा कळणार?

उत्तर: इथेच माझा जीव तुटतो. 1907च्या हेग करारात किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या बोटी पकडू नयेत असं लिहिलंय, पण युद्धात कुठलाही भाग घेतला की ते संरक्षण तिथेच संपतं. आणि संशयाला तर तोफ दिसायचीही गरज नसते. ऑक्टोबर 1904मध्ये, म्हणजे ट्रॉलरवर नौदलाची तोफ यायच्या आधी, रशिया आणि जपानचं युद्ध चालू होतं, तेव्हा रशियन ताफ्यानं उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या मासेमारीच्या उथळ भागात रात्री इंग्लंडच्या हल बंदराच्या ट्रॉलरांवर गोळीबार केला, त्यांना ते जपानी टॉर्पेडो बोटी वाटले, जपान कुठे आणि उत्तर समुद्र कुठे! क्रेन नावाचा ट्रॉलर बुडाला, माणसं गेली, नंतर रशियानं 66,000 पौंड भरपाई दिली. ते लोक रात्रीचं रोजचं काम करत होते, जाळी पाण्यात होती, आणि जाळी पाण्यात असताना ट्रॉलरला पळताही येत नाही.