कॉन्फरन्सबाहेरचे सामने बघून कोणती कॉन्फरन्स भारी ते ठरवता येतं का? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

प्रश्नात लिहिलंय की तुम्ही शिकायला अमेरिकेत चालला आहात, तिथले सीनियर 'एसईसी भारी की बिग टेन' यावरून भांडत असतात, आणि बाहेरच्या संघांशी कोण कसं खेळतं यावरून हे भांडण मिटतं का? (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. एसईसी आणि बिग टेन हे त्यातले दोन.)

थोडंफार मिटतं. आमच्या दाजींना वाटतं तितकं मिटत नाही.

१ सप्टेंबर २००७. मी अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात (म्हणजे बिग टेनवाला), दुसऱ्या वर्षाला. सीझनचा पहिलाच सामना. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, समोर अ‍ॅपलाचियन स्टेट. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या बून गावचं कॉलेज, खालच्या विभागात खेळणारं. त्या विभागात ते लागोपाठ दोनदा चॅम्पियन झाले होते, पण ही माहिती काढायची आमच्यातल्या कुणाला गरज वाटली नव्हती. येऊन हरून जायचे त्यांना ४ लाख डॉलर मिळणार होते, एवढं माहीत होतं.

आठ दिवसांपूर्वी पुण्याहून आलेला एक पोरगा माझ्याबरोबर होता. वाटेत त्याला आग्रह करून मिशिगनचा पिवळा टी-शर्ट घ्यायला लावला. त्याने किंमत रुपयांत काढली, गप्प झाला आणि घेतला. मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, "आज कोण जिंकतं ते बघायचं नाही, कितीने जिंकतो ते बघायचं."

अर्ध्या वेळेला स्कोअर २८-१७. पोरगं बोर्डाकडे बघत म्हणालं, "दादा, आपण निळे ना?"

हो, आपण निळे. सतरावाले.

मग माइक हार्ट ५४ यार्ड पळाला आणि आम्ही ३२-३१ असे एका गुणाने पुढे. शेजारच्या गोऱ्याने मला मिठी मारली, मीही मारली. २६ सेकंद उरले असताना त्यांनी फील्ड गोल (पायाने मारायचा, ३ गुणांचा) मारला, ३४-३२. तरी आमचा एक लांब पास लागला आणि शेवटच्या ६ सेकंदांत आपल्याला ३७ यार्डांचा फील्ड गोल. घातला की जिंकलो. कोरी लिंच नावाचा त्यांचा खेळाडू कडेने आत घुसला आणि त्याने तो अडवला. एक लाख नऊ हजार माणसं गप्प कशी होतात ते मी त्या दिवशी ऐकलं. एका कोपऱ्यात बूनची मूठभर मंडळी नाचत होती, त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. पोराच्या टी-शर्टचं लेबल अजून काखेत लोंबत होतं. "दादा, हा परत घेतील का?"

संध्याकाळी अटलांटाहून फोन. आमचे दाजी जॉर्जियाचे कट्टर, म्हणजे एसईसीचे. ज्या चॅनेलवर सामना होता ते दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेलं, त्यांच्या घरी दिसतही नव्हतं. नुसता स्कोअर वाचून फोन केला होता. "काय पाव्हणं, अ‍ॅप स्टेट म्हंजे कुठं आलं?" तेव्हापासून ताईच्या घरचा एकही गणपती या वाक्याशिवाय विसर्जित झालेला नाही.

आता तुमचा प्रश्न. वर्षाला १२ सामने, त्यातले ८-९ आपल्याच कॉन्फरन्समध्ये. तिथे एक जिंकला की दुसरा हरतोच, त्यामुळे अख्ख्या कॉन्फरन्सची बेरीज कायम निम्मी-निम्मी. आम्ही कोल्हापूरचे, पेठांचं फुटबॉल बघत वाढलो. पेठा आपापसात कितीही खेळल्या तरी मुंबईच्या संघापुढे कोण टिकेल ते त्यातून कळत नाही. म्हणून उरलेले तीन-चार सामनेच कॉन्फरन्सची तुलना करायला उपयोगी, हे खरं आहे. पण तेच सामने बहुतेक वेळा पैसे मोजून बोलावलेल्या दुबळ्या संघाशी असतात. घरच्या मैदानाची तिकिटं खपतात, पाहुण्या कॉलेजच्या खर्चाला हातभार लागतो आणि सीझन संपल्यावरच्या बोल सामन्याला पात्र व्हायला लागणाऱ्या ६ विजयांतला एक पदरात पडतो (खालच्या विभागातला एकच धरतात). तेव्हा 'आमच्या कॉन्फरन्सने बाहेरचे इतके टक्के सामने जिंकले' असं कुणी सांगायला लागला की आधी विचारा: कुणाशी, कुणाच्या मैदानावर? एसईसीवाले तर नोव्हेंबरात, सगळ्यात मोठ्या सामन्याच्या आदल्या शनिवारी, असला एखादा संघ बोलावून हातपाय मोकळे करून घेतात. बिग टेन २०१६ पासून आपसात ९ सामने खेळते, एसईसीवाले २०२५ पर्यंत ८ वरच अडून होते. याला मी भित्रेपणा म्हणतो. दाजी याला नियोजन म्हणतात.

एका पराभवाचंही फार मनावर घेऊ नका. २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉय १४ लाख डॉलर घेऊन नोत्र दामला आलं आणि १६-१४ जिंकून गेलं. तेच नोत्र दाम पुढे राष्ट्रीय फायनल खेळलं. (त्यांना फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सच नाही. तुमचा प्रश्न त्यांना लागू कसा करायचा ते त्यांनाच विचारा.)

बोल सामनेसुद्धा बहुतेक कॉन्फरन्सबाहेरचेच असतात, हे दाजी सोयीने विसरतात. त्याच सीझनच्या शेवटी, १ जानेवारी २००८ ला, मिशिगनने एसईसीच्या फ्लोरिडाला ४१-३५ हरवलं. त्यांचा स्टार क्वार्टरबॅक टिम टीबो समोर असताना. मी फोन केला. दाजी म्हणाले, "बोल सामने मोजायचे नसतात, पोरं मनानं सुट्टीवर गेलेली असतात." त्याच दिवशी त्यांच्या जॉर्जियाने हवाईला ४१-१० धुतलं. तो बोल सामना मात्र त्यांनी मोजलाय, चषकाचा फोटो फ्रिजवर आहे.

२०१४ ला अ‍ॅप स्टेट परत अ‍ॅन आर्बरला आलं, आम्ही ५२-१४ जिंकलो. तेही दाजी मोजत नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्या २०२३ मध्ये मिशिगन चॅम्पियन झालं, त्या वर्षी आमचे बाहेरचे तीन सामने ईस्ट कॅरोलिना, यूएनएलव्ही आणि बोलिंग ग्रीनशी होते. तिन्ही घरी, तिन्हींत सहज विजय. यावर मी घरी बोललेलो नाही. आणि २०२१ च्या ३१ डिसेंबरला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने आम्हाला ३४-११ हरवलं, तेही आहे. पण तो बोल सामना होता, आणि बोल सामने मोजायचे नसतात, असं दाजींनीच ठरवलंय.

टी-शर्ट दुकानदाराने परत घेतला नाही. तो पोरगा आता डेट्रॉइटजवळ राहतो, त्याच्याकडे सीझनची चार तिकिटं असतात. तुम्ही मिशिगनलाच येणार असाल तर सांगा, एखाद्या दुबळ्या संघाच्या सामन्याचं तिकीट तो नक्की देईल. त्या सामन्यांना तो स्वतः जात नाही.