कॅनमोरला गायला निघालेल्या मुलीस

पोरी,

तुझा मेसेज आला तेव्हा मी गॅरेजमध्ये पखवाजाच्या गट्ट्यांवर हातोडी मारत बसलो होतो. अल्बर्टातल्या कॅनमोरच्या फोक फेस्टिव्हलचं, म्हणजे लोकसंगीताच्या जत्रेचं, बोलावणं आलंय, चाळीस मिनिटांचा एक कार्यक्रम आणि दोन वर्कशॉप, आणि तुझा प्रश्न एकच: "काका, चाळीस मिनिटांत कुठले अभंग बसवू?" याचं उत्तर फोनवर देऊन मोकळा झालो असतो. पाचच्या जागी चार घे, संपलं. पत्र लिहितोय ते तू जे विचारलंच नाहीस त्यासाठी. त्या दोन वर्कशॉपबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस.

वर्कशॉप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वही-पेन घेऊन बसलेली शिबिरार्थी मंडळी येतात. इथला प्रकार निराळा. चार कलाकार, बहुतेक एकमेकांना पहिल्यांदाच भेटणारे, एका लहानशा स्टेजवर ओळीनं बसतात. वर काहीतरी विषय दिलेला असतो: नदीची गाणी, आजीकडून आलेली गाणी, असलं काही. एकानं गायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बाकीच्यांनी जमलं तर साथ करायची, नाही तर ऐकायचं. तालीम नाही, कागद नाही, तासाभराचा मामला. ही रीत रुजवण्याचं श्रेय देतात ते ओंटारिओतल्या मॅरिपोझा फेस्टिव्हलच्या एस्टेल क्लाइन या बाईंना. मॅरिपोझा 1961 साली ओरिलिया गावात सुरू झालं, आणि साठीच्या दशकात त्याची सूत्रं या बाईंकडे आली. पुढे 1974 ला विनिपेग, 1978 ला व्हँकुव्हर, 1980 ला एडमंटन अशी रांगच लागली. कॅनमोरही 1978 चंच, अल्बर्टातलं सगळ्यात जुनं. एडमंटनच्या टेकडीवर जमणाऱ्या गर्दीपुढे ते घरगुती वाटेल, पण वर्कशॉपची खरी मजा अशा लहान ठिकाणीच.

तुझा मुख्य कार्यक्रम तू घरून बसवून नेशील. तो चांगलाच होईल, त्याची मला काळजी नाही. पण दुसऱ्या फेस्टिव्हलांचे बोलावणारे लोक अशा ठिकाणी हिंडत असतात आणि ते वर्कशॉपच्या तंबूत मागे उभे राहतात. तू किती छान गातेस हे त्यांनी रेकॉर्डिंगवर ऐकलेलंच असतं. दुसरा गात असताना तू काय करतेस, ते बघायला ते येतात.

मी काय केलं होतं ते सांगतो. वीस-बावीस वर्षं झाली. ओंटारिओतलंच एक छोटं फेस्टिव्हल. तंबूत साठ-सत्तर माणसं. माझ्या डावीकडे न्यूफाउंडलंडची सत्तरीतली बाई, निळा स्वेटर, हातात वाद्य नाही. तिची पाळी आली तशी तिनं डोळे मिटले आणि बुडालेल्या बोटीचं एक लांबलचक कथागीत सुरू केलं. मला वाटलं, बाई बिचारी एकटी पडलीय. तिसऱ्या ओळीला मी तबल्यावर दादरा धरला. ती शब्दांप्रमाणे लय मागेपुढे करत होती, मी तिला ठेक्यात ओढत होतो. पाचव्या कडव्यानंतर ती श्वास घ्यायला थांबली आणि तेवढ्या फटीत मी तिहाई टाकली, तोच तुकडा तीनदा. चोख समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती थांबून राहिली. टाळ्या पार विरल्यावर तिनं पुढचं कडवं म्हटलं, माणसं बुडतात ते. दुपारी जेवणाच्या रांगेत ती माझ्या मागेच होती. रागावली वगैरे नव्हती. बोट तिच्या वडिलांच्या गावची होती, एवढंच म्हणाली आणि बटाट्याचं सॅलड वाढून घेतलं.

त्या फेस्टिव्हलनं मला पुन्हा बोलावलं नाही. कारण हेच असेल असं नाही, पण मी तसंच धरून चाललोय.

तेव्हा पहिलं कडवं हात मांडीवर ठेवून ऐकायचं. दुसऱ्यालाही काही सुचलं नाही तर पूर्ण गाणं ऐक. चेहऱ्यावरून ऐकतेयस हे दिसलं की पुरे. सुचलंच तर हार्मोनिअमवर नुसता षड्ज-पंचम धर, हलक्या हातानं, आणि गाणाऱ्याकडे बघ. त्याला हवं असेल तर तो मान हलवतो.

आता स्वराचं. तू काळी चारमध्ये गातेस. म्हणजे त्यांचा जी शार्प. गिटारवाला पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबायचा चिमटा, लावून सुटेल. पण फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्याच, चार तारा जी, डी, ए, ई. काळी चारात त्या मोकळ्या तारा जवळजवळ वाया जातात, आणि डी-च्या टिन व्हिसलला, त्या पत्र्याच्या बासरीला, तर काळी चार म्हणजे परदेशच. वर्कशॉपपुरती अर्धा स्वर खाली ये, पांढरी पाच धर. तो त्यांचा जी. बघ, चार सेकंदांत तिघंजण तुझ्याबरोबर वाजवायला लागतील. "काळी-पांढरी" असं मात्र तिथं म्हणू नकोस, सरळ "जी" म्हण. आणि निघण्याआधी पेटी फोनवरच्या ट्यूनरला लावून बघ, ए 440 ला आहे का. आपल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढ्या असतात. फिडलवाला तारा पिळून तुझ्याशी जुळेल, पण अॅकॉर्डियनचे सूरही पेटीसारखेच पक्के बसवलेले. तिथं दोघांनी एकमेकांकडे बघत बसायची वेळ येते.

तालाचंही सांगतो, कारण तुझा पखवाजवाला मित्र पुण्याहून येतोय आणि त्याला समेची फार हौस आहे. जिग आणि रील या त्यांच्या नाचाच्या चाली. जिग आलं तर सहाचा हिशेब, दादऱ्याचं अंग धरलं की जमतं. रील आलं तर भजनी ठेका हलका करून चालतो. एवढ्यावर तो खूश होईल. पण मेटी फिडलवादक असतील तर जपून. मेटी म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांतून घडलेला इथला समाज, त्यांचं फिडल प्रेअरीजमध्ये, इथल्या गवताळ सपाट प्रांतांत, फार मुरलेलं आहे. त्यांच्या बऱ्याच चाली "क्रुकेड" असतात. एखाद्या ओळीत एक मात्रा जास्त, एखादीत कमी, आणि ते चुकलेलं नसतं, तसंच असतं. तिथं मोजत बसलास तर सम सापडणार नाही, असं सांग त्याला. वादकाच्या पायाकडे बघायचं. क्यूबेकचे लोक भेटले तर त्यांचे पाय नुसते बघायचे नाहीत, ऐकायचेही: खुर्चीत बसून दोन्ही पावलांनी फळीवर असा ठेका धरतात की पखवाजानं गप्प बसावं.

क्यूबेकवरून आठवलं. त्यांच्याकडे एक गाण्याचा प्रकार आहे, पुढच्यानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तीच उचलून परत म्हणायची. टाळकरी काय करतात दुसरं? मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आळंदीच्या वाटेवरच्या दिंडीत उभा असल्यासारखा डोलायला लागलो, भाषा एक अक्षर कळत नव्हती. हे सांगतोय ते तुझ्या कार्यक्रमासाठी. फोक फेस्टिव्हलचा श्रोता गाणारा असतो. ध्रुपद, म्हणजे फिरून येणारी ओळ, दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तो म्हणतो, आणि न सांगता वरचा-खालचा सूरही लावतो. त्याला अभंगाचं ध्रुपद दे. विठ्ठलाचा गजर दे, दोन शब्दांचा, सोपा. तो पाच मिनिटं चालला तरी चालेल. तानांचा चौथा अभंग काढून टाक.

आणि बोलणं कमी. संतपरंपरा, वारी, चातुर्मास, सगळं एका दमात सांगायची ऊर्मी येते, मला ठाऊक आहे. मी एकदा रूपक ताल समजावण्यात सात मिनिटं घालवली होती, मात्रेला एक मिनिट. एक गाणं, एक वाक्य. "ही ओळ आमच्याकडे लाखो माणसं चालताना म्हणतात," एवढ्यावर लोक कान टवकारतात.

विषयांची नावं बघून वैतागू नकोस. पेटी, बॅगपाइप आणि हर्डीगर्डी यांना "ड्रोन", म्हणजे अखंड धरलेला सूर, या नावाखाली एकत्र बसवलेलं मी पाहिलंय. मला तेव्हा राग आला होता, की आमचं संगीत काय नुसता भुणभुणाट आहे का. तो तास त्या वर्षीचा सगळ्यात चांगला ठरला. रविवारी सकाळी बऱ्याच फेस्टिव्हलांत गॉस्पेलचा तास असतो. विचारलं तर नको म्हणू नकोस. सकाळी दहाला, कॉफीचा कप हातात धरून गवतावर बसलेली माणसं, समोर चर्चमध्ये वाढलेले गायक, आणि त्यात अभंग. त्याची जागा तीच आहे.

आता कामाच्या गोष्टी पटापट.

स्टेजची माहिती मागतील तेव्हा स्पष्ट लिही: आम्ही जमिनीवर बसतो. म्हणजे 4 बाय 8 फुटांचा, फूटभर उंच रायझर हवा, वर सतरंजी, आणि माइकचे *बुटके* स्टँड. हे शेवटचं विसरलीस तर साउंडवाला उंच स्टँड वाकवून वाकवून तुझ्या नाकासमोर आणेल आणि तो गाण्याच्या मधोमध हळूहळू खाली बसेल. आवाजाला एक माइक, पेटीला एक, पखवाजाला दोन. नीट साउंड चेक मिळणार नाही. दोन कार्यक्रमांच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत माइक चालू आहेत का एवढंच बघतात. साउंडवाल्याचं नाव विचारून ठेव, आणि मॉनिटरमध्ये, म्हणजे तुझ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, काय हवं ते एका दमात सांग. "थोडं बरं करा" याचं भाषांतर कुणालाच येत नाही.

हवा. कॅनमोर तेराशे मीटरवर आहे, रॉकीजच्या पोटात. ऑगस्टचा पहिला आठवडा असला तरी कोरड्या दुपारी पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, सुरात चढते, आणि सूर्य डोंगराआड गेला की गारठ्यात उतरते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांग. उन्हात वीस मिनिटांत तिची भाकरी होते, हे मी अनुभवानं सांगतोय. दुपारी वीज-पाऊस येऊ शकतो, तेव्हा पेटीवर टाकायला ताडपत्री. अलीकडच्या उन्हाळ्यांत वणव्यांचा धूरही येतो. घसा धरला तर हट्टानं वरचा षड्ज लावू नकोस. आणि साडीवर घालायला एक जाड जाकीट ने, रात्री थंडी आठ-दहा अंशांवर येते. फोटोत वाईट दिसतं, दिसू दे.

पैसे. मित्र कॅनडात राहत नाही, म्हणून त्याच्या मानधनातून 15 टक्के कर आधीच कापला जाईल. रेग्युलेशन 105 म्हणतात त्याला. सूट मागता येते, पण अर्ज निदान 30 दिवस आधी जायला हवा, तेव्हा हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते कर. स्वतःच्या चाली गाणार असशील तर सोकॅनमध्ये, म्हणजे गाण्यांचं मानधन गोळा करून रचनाकारांना देणाऱ्या इथल्या संस्थेत, नाव नोंदव आणि कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी त्यांना पाठव. आपल्या लोकांना हे करायची लाज वाटते. का, ते मला कळलेलं नाही. सीडी थोड्या ने. पोरांकडे त्या वाजवायला यंत्र नसतं, पण पांढऱ्या केसांची माणसं विकत घेतात, सही मागतात आणि सही करताना आपल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगतात. ऐकायची.

ज्यांना लोक विसरतात ती स्वयंसेवक मंडळी. गेटवरचा, गाडी लावून देणारा, भांडी घासणारी शिक्षिका, कुणालाही पैसे मिळत नाहीत. कलाकारांचं जेवण त्यांच्याच तंबूत होतं. आपली ताटं घेऊन कोपऱ्यात दोघंच मराठीत बोलत बसू नका. मी पहिल्या दोन वर्षी तेच केलं. तिसऱ्या वर्षी जागा नव्हती म्हणून एका बँजोवाल्याशेजारी बसलो, आणि पुढची नऊ वर्षं त्याच्याबरोबर दौरे केले.

शेवटच्या रात्री सगळ्या कलाकारांना स्टेजवर बोलावून एक गाणं म्हणायची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. एडमंटनला ते "फोर स्ट्राँग विंड्स" असतं, अख्खी टेकडी मेणबत्त्या लावून गाते. कॅनमोरला यंदा काय आहे ते पहिल्याच दिवशी कुणाला तरी विचार आणि पाठ कर. नाही तर मागच्या रांगेत उभं राहून तोंड हलवावं लागतं, आणि आता तिथं प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो.

कॅलगरीहून तासाभराचा तर रस्ता आहे, शनिवारी मी येतोय. तुझ्या मुख्य कार्यक्रमाला मी नसेन, त्या वेळी नातवाला नदीवर न्यायचं कबूल केलंय. वर्कशॉपला येईन. बुटकी खुर्ची आणि थर्मासात चहा घेऊन डाव्या बाजूला बसेन. मला बघून हात करू नकोस, तेव्हा दुसरं कुणीतरी गात असेल.

तुझा,
पखवाजवाला काका